वॉटर पार्कमधला कर्मचारी पाहुण्यांच्या लक्षात का राहतो, आणि त्यासाठी मालकाने काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवण-देवबाग पट्ट्यात छोटा वॉटर पार्क आहे. सात-आठ स्लाइड, एक वेव्ह पूल आणि हंगामात कामाला गावातलीच पंचवीस-तीस मुलं-मुली. परदेशातल्या मोठ्या पार्कांत जाऊन आलेली माणसं राइडपेक्षा तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याचीच आठवण वर्षानुवर्षं सांगतात. आपल्याकडे तसं का होत नाही? ‘हसून बोला’ असं रोज सांगूनही फरक का पडत नाही?

फरक पडत नाही, कारण हसण्याचा याच्याशी फारसा संबंध नाही. लोक अशा ज्या आठवणी सांगतात त्या नीट ऐका. प्रत्येकीत आधी काहीतरी बिनसलेलं असतं. कुल्फी हातातून पडलेली असते, पोरगं उंचीत बसलेलं नसतं, चष्मा पाण्यात गेलेला असतो, आजी चार तास एकाच बाकावर बसून असते. तेवढ्यात गणवेशातलं कुणीतरी पुढे येतं आणि साहेबाला न विचारता एखादी छोटी गोष्ट करून टाकतं. राइड ठरल्यासारखी झाली तर ती पैसे देऊन घेतलेली वस्तू राहते. बिनसलेलं कुणी सावरलं, तर ते फुकट मिळालेलं असतं आणि म्हणून लक्षात राहतं. त्यामुळे पोरांना गोड बोलायला शिकवण्याआधी तीन गोष्टी द्या: आजूबाजूला बघायला वेळ, करायची परवानगी आणि हाताशी सामान.

परवानगीपासून सुरुवात करू, कारण गाडी तिथेच अडते. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत एका पाहुण्याची अडचण सोडवायला कर्मचारी वरिष्ठांना न विचारता दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करू शकतो, हे हॉटेलवाल्यांत सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला दोन हजार डॉलर नकोत. एका प्रसंगाला १०० रुपये आणि एका पाळीला ४०० रुपये एवढी मुभा पुरते. त्यात पडलेल्या कुल्फीच्या जागी दुसरी येते, उलटी झालेल्या पोराला लिंबू सरबत येतं, चप्पल तुटलेल्या काकांना साधी स्लीपर येते. खर्चाची एक वही ठेवा. वेळ, काय दिलं आणि का, एवढ्या तीनच रकान्यांची. मंजुरीची सही नको. सहीचा रकाना आला की मुभा संपली.

सुरुवातीला दोन प्रकारे बिघडतं. एखादा आपल्याच गावकऱ्यांना सरबतं वाटतो, पण ते वहीत लगेच दिसतं आणि एका बोलण्यात थांबतं. दुसरा प्रकार जास्त होतो आणि दिसत मात्र नाही: कुणीच काही खर्च करत नाही, कारण ‘पगारातून कापतील’ ही भीती. म्हणून आठवड्याच्या शेवटी खर्च करणाऱ्याला जाब विचारू नका. ज्याचं पान कोरं आहे त्याला विचारा, ‘आठ दिवसांत तुझ्यासमोर कुणाचंच काही बिघडलं नाही?’

आता सामान. कमरेच्या पाउचमध्ये पाण्यात न सुटणाऱ्या चिकटपट्ट्या, मोठ्या सेफ्टी पिना (कॉस्च्युमचा पट्टा, पर्सचा बंद, साडीचा काठ, सगळीकडे चालतात), केसांची रबरं, चष्म्याला मागून बांधायची दोरी, मार्कर, बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एक कोरडा सुती रुमाल आणि आलेपाक. आलेपाक यासाठी, की कोल्हापूर-बेळगावकडून येणारं अर्धं गिऱ्हाईक आंबोली, गगनबावडा नाहीतर फोंडा घाट उतरून येतं आणि पोरं हिरवीनिळी होऊनच गेटवर पोचतात. पार्किंगमध्येच पाणी, सावलीतला बाक आणि आलेपाकाची वडी मिळाली, तर दिवसाची सुरुवातच वेगळी होते. ही कामगिरी तिकीट खिडकीच्या आधीची आहे, त्यामुळे ती पार्किंगवाल्याकडे द्या.

आता मुख्य भाग, म्हणजे नाही म्हणणं. वॉटर पार्कमधली निम्मी भांडणं नकारावरून होतात आणि चांगल्या आठवणीही बऱ्याच तिथेच जन्मतात. नकाराला तीन पायऱ्या असतात: नाही, का नाही आणि मग काय. आपली पोरं पहिलीवर थांबतात. ‘चालणार नाय’ म्हटलं की विषय संपला. कोकणी माणसाचा तुटक आणि जरा खवचट सूर घरच्यांना कळतो, पण घाटावरच्या पाहुण्याला तो अपमान वाटतो.

उंचीचं उदाहरण घ्या. समजा मोठ्या स्लाइडला १२० सेंटिमीटरची अट आहे. पोरगं जिना चढून, अर्धा तास रांगेत उभं राहून वर जातं आणि तिथे त्याला परत पाठवलं जातं. हा क्षण सुधारण्याची जागा वर नाही, खाली आहे. तिकीट घेतानाच उंची मोजा: चप्पल काढून, टाचा भिंतीला, अंबाडा किंवा टोपी असेल तर ती बाजूला, नजर समोर. मुलं हमखास चवड्यांवर उंच होतात, म्हणून टाचांकडे बघून मोजायचं. मग मनगटावर रंगीत पट्टी बांधा, म्हणजे वर कुणी पुन्हा मोजणार नाही. खाली ११९ आणि वर १२१ भरले की बापाचं भांडण रास्तच असतं. भिंतीवर रंगवलेल्या खुणा फरशी बदलली किंवा खालचा सिमेंटचा थर वाढला की चुकतात. दर महिन्याला पोलादी टेप लावून तपासा.

कारण सांगताना मुलाशी बोला, बापाशी नाही. गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन. ‘या स्लाइडच्या वळणावर पाणी तुला कडेपर्यंत चढवेल, आणि खालच्या टाकीत तुझे पाय टेकणार नाहीत.’ कारण खरं आणि डोळ्यासमोर दिसणारं असावं. ‘नियम आहे’ हे कारण नव्हे. मग तिसरी पायरी: एक जाड कार्ड, त्यावर मुलाचं नाव, आजची उंची, तारीख आणि ‘१२० झालास की हे दाखव, पहिल्या फेरीला रांग नाही’ अशी ओळ. या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे मेमध्ये ११८ भरलेलं पोर दिवाळीच्या सुट्टीत बसतंच. ते कार्ड घरी कपाटावर चिकटतं आणि पुढच्या खेपेला पार्क कुठला हे त्या घरात पोरगंच ठरवतं. कार्डाचा खर्च दोन-तीन रुपये. एकच धोका आहे. कार्ड आणलं आणि रांगेवरच्या माणसाला त्याबद्दल काही माहीतच नाही, तर पहिल्या नकारापेक्षा वाईट होतं. कार्डाचा नमुना प्रत्येक स्लाइडच्या खांबावर लावून ठेवा.

लहान मूल खाली आणि मोठं वर, अशा घरांसाठी डिस्नीत ‘रायडर स्विच’ची सोय आहे: एक पालक लहानग्याजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. हे उचलायला पैसे लागत नाहीत. एक लॅमिनेट केलेला बिल्ला पुरतो.

कपड्यांचा नकार सगळ्यात नाजूक. ओढणी, साडी, जीन्स घालून स्लाइडवर सोडता येत नाही. ओढणी सांध्यात किंवा नळीच्या तोंडाशी अडकून गळ्याला फास बसू शकतो, जीन्सची बटणं आणि चेन फायबरवर ओरखडे काढतात, आणि सुती कपड्याचे तंतू फिल्टरमध्ये बसतात. ही कारणं बाईने बाईला, हळू आवाजात, कॉस्च्युमच्या काउंटरवर सांगायची. स्लाइडच्या टोकाला शिट्टी मारून नाही. पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ नायलॉनचे कॉस्च्युम पुरेशा मापांत ठेवा. थ्री एक्सएल माप संपलं की एखादी बाई दिवसभर काठावर बसून राहते आणि घरी जाऊन कुणाला काही सांगतही नाही. ही तक्रार तुमच्यापर्यंत कधीच पोचत नाही. गरोदर आहात का, हाही प्रश्न तिथेच, एकटीला. ‘पोट, पाठ, हृदय किंवा गरोदरपण, यातलं काही असेल तर या दोन स्लाइड टाळा’ असं सगळ्यांनाच सांगितलं तर कुणा एकीकडे बोट जात नाही. दारू पिऊन आलेल्या टोळक्याचा नकार मात्र गेटवरच्या मुलीने द्यायचाच नाही. मॅनेजर आणि आणखी दोघे, आणि तिथे गोडव्याची अपेक्षा ठेवू नका.

डिस्नीलँड १९५५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालं तेव्हापासूनच कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे तिथे वेगळं लक्ष दिलं गेलं. त्यातून आलेला प्राधान्यक्रम साधा आहे: सुरक्षितता, सौजन्य, देखावा, कार्यक्षमता. २०२१ मध्ये त्यात समावेशकतेची भर पडली. उपयोग त्या शब्दांचा नाही, क्रमाचा आहे. दोन गोष्टी एकदम समोर आल्या की आधी काय, हे कर्मचाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. आजींशी बोलता बोलता ओल्या फरशीवर पळणारं पोर दिसलं, तर वाक्य अर्धवट सोडून तिकडे जायचं, आणि त्याबद्दल कुणी रागावणार नाही. क्रम सांगितला नाही तर पोरं आपला क्रम लावतात, आणि त्यात पहिलं असतं ‘मालक ओरडणार नाही ते’.

हरवलेलं मूल हा वेगळा धडा आहे. दोन प्रसंग आहेत आणि दोघांची पद्धत उलटी. पालक मूल शोधत आले तर आधी पाणी आणि गेट. वेव्ह पूलच्या लाटा बंद, प्रत्येक लाइफगार्ड आपल्या टाकीचा तळ बघतो, त्याच वेळी वायरलेसवर बाहेरच्या गेटला कळतं, आणि मग बाकीचा शोध. उलट, मूल एकटं सापडलं तर धावपळ नको. खाली बसा, उचलून घेऊ नका, सापडलं त्या जागेवरच दोन-तीन मिनिटं थांबा, कारण आई बहुतेक तिकडेच परत येते. ‘आई कुठे आहे?’ या प्रश्नाला रडण्यापलीकडे उत्तर नसतं. ‘बाबा आईला काय हाक मारतात? तिच्या कपड्यांचा रंग कुठला? तुमची गाडी मोठी की छोटी?’ असं विचारा. मालवणी पोर असेल तर मालवणीतच बोला, रडं निम्म्याने उतरतं. मुलासोबत दोन कर्मचारी असावेत, एक बाई असली तर उत्तम. स्पीकरवरून मुलाचं नाव आणि कपडे सांगायचे नाहीत, कारण ऐकणारा कुणीही ‘मी काका’ म्हणून येऊ शकतो. घोषणेत एवढंच: ‘आपल्यासोबतचं मूल दिसत नसेल तर प्रथमोपचार खोलीपाशी या.’ आलेल्या माणसाने मुलाचं नाव आणि कपडे मूल दिसण्याआधी सांगायचे. आणि आई सापडली की तिला उपदेश नको. तिचे हात थरथरत असतात. खुर्ची, पाणी आणि ‘ताई, रोज एखादं हरवतंच, तो शूर आहे तुमचा’ एवढं वाक्य. असं वाक्य लोक वीस वर्षांनीही सांगतात.

संबोधनाचं म्हणाल तर तिशीतल्या बाईला ‘काकू’ म्हणू नका, ‘ताई’ सगळीकडे चालतं. आजी-आजोबांना ‘आजी-आजोबा’ म्हणा, ‘अंकल’ नको. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव मोठ्या अक्षरांत हवं. फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमध्ये बिल्ल्यावर नावाखाली कर्मचाऱ्याचं गाव असतं, आणि ही युक्ती कोकणाइतकी दुसरीकडे कुठे चालणार नाही. बिल्ल्यावर ‘आचरा’ वाचलं की मुंबईहून आलेला चाकरमानी थांबतो, ‘तुमी आचऱ्याचे? आमचा घर चिंदरात’ सुरू होतं आणि पाच मिनिटांत दोघांचा एखादा समान नातेवाईक निघतो. मुलींच्या बाबतीत मात्र निवड त्यांची. नाव आणि गाव मिळून मोबाइलवर माणूस सापडतो. घरचं हाक मारायचं नाव आणि नुसता तालुका पुरे.

झाडू मारणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले जातात, कारण तो चालत असतो आणि कुठल्या काउंटरमागे नसतो. टोकियो डिस्नीलँडचे सफाई कर्मचारी ओल्या झाडूने जमिनीवर पात्रांची चित्रं काढतात आणि लोक घोळका करून बघतात. आपल्याकडे सफाईला असलेल्या मावश्यांचा रांगोळीचा हात त्याहून बरा असतो. कोरड्या सिमेंटवर ओल्या फडक्याने काढलेली कासवं-मासे उन्हात काही मिनिटांत उडून जातात, तोवर रांगेतली पोरं गप्प असतात. जबरदस्ती नको, जिला आवडतं तिलाच. पण त्याआधी मावशींना पार्कची वेळ, लॉकर, शौचालय, जेवणाचे दर आणि शेवटच्या बसची वेळ पाठ असू द्या. रस्ता एका बोटाने दाखवायचा नाही, पूर्ण तळवा उघडून दाखवायचा, आणि दहा-पंधरा पावलं सोबत जायचं. ‘माहीत नाही’ऐवजी ‘विचारून सांगते’, आणि मग खरंच परत येऊन सांगायचं. परत येण्यातच सगळं आहे.

फोटो काढून देणं ही सगळ्यात स्वस्त आठवण, पण बहुतेक जण बिघडवतात. समुद्र आपल्या पश्चिमेला. सकाळी पाठीशी समुद्र घेतला तर ऊन चेहऱ्यावर येतं, फोटो छान येतो. संध्याकाळी तेच केलं की चेहरे काळे पडतात. तेव्हा मंडळींना समुद्र कुशीला घेऊन उत्तर-दक्षिण उभं करा किंवा पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वाढवा. हात आधी कोरडे करा, भिंगावरचा खारा थर रुमालाने पुसा. एक आडवा, दोन उभे, पायांसकट. आणि रोज फोटो काढणाऱ्या आईला फोटोत घ्या; ती सहसा कुठल्याच फोटोत नसते.

राइडवर न जाणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही. प्रत्येक टोळीत पिशव्या सांभाळणारं एक माणूस असतंच, बहुतेकदा आजी. सावलीतली, पाठ टेकता येईल अशी आणि नातवंडं उतरतात ती टाकी समोर दिसेल अशी खुर्ची तिला हवी. मोकळे लॉकर असतील तर एक तिच्या नावाने फुकट उघडून द्या, म्हणजे पिशव्यांची राखण सुटते. गुडघाभर पाण्याच्या टाकीत साडीसकट पाय सोडून बसायला कट्टा बांधला असेल तर उत्तमच, तिथे कपड्यांचा नियम लावायची गरज नाही.

वीज गेली किंवा ढग गडगडले की खरी परीक्षा. मेअखेरचे वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे दोन्ही तुमच्या गर्दीच्या दिवसांत येतात. गडगडाट ऐकू आला की सगळे पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आत कुणी नाही. सेवा-व्यवसायाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर जे लिहिलं ते आजही लागू आहे: कारण न सांगितलेली वाट लांब वाटते, रिकामी वाटही लांब वाटते. म्हणून दर दहा मिनिटांनी माहिती द्यायची, नवीन काही नसलं तरी. पंधरा मिनिटं लागतील असं वाटलं तर वीस सांगा. कोकम सरबताचे छोटे पेले फिरवा, भेंड्या लावा. आणि भरपाई ओरडणाऱ्यालाच पहिली देऊ नका. चाळीस लोक बघत असतात आणि ओरडलं की मिळतं हे तिथल्या तिथे शिकतात. द्यायचं तर मागण्याआधी आणि सगळ्यांना.

हे सगळं करणारं पोरगं उपाशी असेल तर काहीच होत नाही. दुपारी तीनला कर्मचारी का वसकन ओरडला याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या डब्यात असतं, जो अजून उघडलेलाच नसतो. जेवणाची सुट्टी बारा ते दोनमध्ये, गटागटाने, आणि ती रद्द करण्याचा अधिकार कुणालाच नाही. लाइफगार्डची जागा २० ते ३० मिनिटांनी बदला. त्यापुढे नजर पाण्यावर असते, लक्ष नसतं. विश्रांतीच्या खोलीत पंखा, थंड पाणी, मीठ-साखर-लिंबू. रजेचं वेळापत्रक हंगामाआधी ठरवा. भाताच्या लावणीला, गणपतीला आणि शिमग्याला गावची पोरं घरी जाणारच; ऐनवेळी अडवलंत तर शरीर कामावर येतं, मन येत नाही. प्रशिक्षण पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत उरका: दोन दिवस, एकाने पाहुणा व्हायचं, दुसऱ्याने नकार द्यायचा, प्रत्येकाने आपल्या तोंडी बसेल असं वाक्य स्वतः शोधायचं. पाठ करून घेतलेलं वाक्य पंचवीस जणांच्या तोंडून सारखं आलं की पाहुण्याला लगेच कळतं.

‘गुगलवर माझ्या नावाने पाच स्टार द्या’ असं पोरांना मागायला लावू नका. त्या क्षणी केलेली मदत धंदा होऊन जाते. पाहुण्याने आपण होऊन नाव घेतलं तर ते सकाळच्या दहा मिनिटांच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा. बक्षीस द्यायचं तर पगारात द्या.

शेवटचा अर्धा तास राखून ठेवा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग आहे. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या थंड पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, त्यात पाण्याचं तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत चढवलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा, पण शेवट जरा बरा असलेला प्रकार निवडला. वॉटर पार्कचा शेवट म्हणजे लॉकरचं डिपॉझिट परत घ्यायची रांग, ओले कपडे, पायाला वाळू आणि पेंगलेलं पोर. आणि तिथे आपण सगळ्यात कंटाळलेला माणूस बसवतो. साडेचारनंतर तुमचा सगळ्यात चांगला माणूस त्या खिडकीवर हवा. सुट्टे पैसे आधीच मोजून ठेवलेले, पाय धुवायला नळीला जोर, ओल्या कपड्यांना एक पिशवी आणि ‘पुढे कुठे जाणार?’ हा प्रश्न. आंबोलीमार्गे जाणार असतील तर धुक्याची कल्पना द्या आणि उजेड असेतो घाट चढायला सांगा.

टेम्पो ट्रॅव्हलरच्या ड्रायव्हरला मात्र सकाळीच गाठायचं. पार्किंगजवळ पंख्याखाली दोन खाटा, एक चहा आणि जेवणाचं कूपन. पुढच्या आठवड्यात त्याच्या गाडीत बसलेली नवी मंडळी त्यालाच विचारणार आहेत, ‘दादा, वॉटर पार्क कुठला बरा?’